पंचमीला पेटलेली भट्टी

आमच्या खव्याच्या भट्टीत आता शेजारचे लोक शेळ्या बांधतात. परवा उन्हं कलल्यावर मी तिथं जाऊन उभी राहिले, तर त्यातली एक माझ्याकडं अशी बघायला लागली, की जणू मीच वाट चुकून आत शिरले आहे. तिचं काही चुकत नव्हतं. भट्टी बंद पडून पाच वर्षं झाली, अण्णांना जाऊन वर्ष झालं, आणि मी लोहाऱ्याकडच्या शाळेत शिकवायला लागले त्याला तर इतका काळ लोटला, की गावात आता मला 'लोहाऱ्याच्या बाई' म्हणतात. अण्णांच्या वर्षश्राद्धाला आले होते. पाहुणे जेवून पांगले होते. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मागच्या दारी पातेली घासत बसली होती, आणि मला उगीच भट्टी बघावीशी वाटली. उगीच म्हणते खरं, पण दर खेपेला मी त्या खोलीला वळसा घालून जाते. या खेपेला घातला नाही, एवढंच.

आत शेळ्यांचा, लेंड्यांचा, ओल्या पाल्याचा वास होता. पण मातीच्या भिंतीला नाक लावलं आणि त्याच्याखालचा जुना वास लागला. तुराट्यांचा धूर, बुडाला लागलेलं दूध, आणि डबे पुसायच्या फडक्याचा तो आंबूस वास, जो आईनं कितीही उकळत्या पाण्यात घातला तरी गेला नाही. चुलीच्या तोंडात कुणीतरी विटा भरल्या होत्या. मोठी कढई भिंतीशी उभी होती, बाहेरून काळी ठिक्कर आणि आतून अजून आरशासारखी. मी तिच्यावर बोट वाजवलं. आवाज खणखणीत आला. मी तिथंच, शेळ्यांच्या शेजारी, उकिडवी बसले.

आमच्या भूमकडच्या भागात खवा म्हणजे शेतीइतकाच जुना धंदा. आमच्याकडं जमीन नावापुरती होती, पण अण्णांच्या हाताला चव होती असं लोक म्हणायचे. झुंजूमुंजू झालं की गल्लीतून किटल्यांचा खळखळाट सुरू व्हायचा. कुणी सायकलवर, कुणी डोक्यावर, कुणी पोराच्या हातात, असं घराघरातलं दूध आमच्या दारात यायचं. अण्णा प्रत्येक किटलीचं झाकण काढून आधी वास घ्यायचे आणि मग माणसाकडं बघून हसायचे. पाणी घातलेलं दूध आलं तरी हसायचे, फक्त जरा कमी. मग कढई चढायची. दूध उकळलं की अण्णांचं लांब दांड्याचं उलथनं चालू व्हायचं ते गोळा होईस्तोवर थांबायचं नाही. खर्र, खर्र, खर्र. क्षणभर हात थांबला तर दूध बुडाला लागतं, आणि एकदा लागलं की सगळ्या खव्याला करपट वास येतो, मग तो कुणी दारात उभा करत नाही. त्यामुळं भट्टीवरच्या माणसाला हाक मारायची नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम होता. मला काही हवं असलं तर मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची. ते हात चालू ठेवून भुवया उडवायचे.

खवा काढून घेतला की कढईच्या कडांना जे तांबूस, खरपूस चिकटून राहतं, ती खरवड. खरवड माझी. तो माझा हक्कच होता. शाळेत जायच्या आधी मी कढईत जवळजवळ उतरून ती शिंपल्यानं खरवडून खायची. माझ्या फ्रॉकला कायम तुपाचा वास यायचा आणि वर्गातल्या पोरी म्हणायच्या, आली बघा खवेवाली. मला त्याचा राग यायचा. आता कुणी तसं म्हणावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी, चैत्रात, अण्णांना सोलापूरला नेलं. नेमकं काय झालं, कसं कळलं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की एका सकाळी कढई चढली नाही, आणि आमच्या दोन्ही म्हशी कुणीतरी परका माणूस दावं धरून घेऊन गेला. त्यातली भुरी दारातून वळून मागं बघत होती. आईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आत जाऊन पाणी प्यायली. लागोपाठ तीन तांबे.

अण्णा परत आले ते दुसरेच कुणीतरी होऊन. छातीच्या मधोमध उभी चीर, पायाला लांब चीर. "पायातली शीर काढून काळजाला लावली," हे गावात इतक्या जणांनी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी लोक अण्णांच्या पायाकडंच बघायला यायला लागले. छातीचं हाड कापून तारेनं शिवलं होतं. पाण्याचा तांब्याही उचलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खोकला आला की ते गुंडाळलेली वाकळ छातीशी दोन्ही हातांनी आवळून धरायचे आणि मगच खोकायचे. तो खोकला ऐकला की घरातल्या आम्ही तिघीही हातातलं काम टाकून थांबायचो. अण्णांच्या अंगाला आता धुराचा वास येत नव्हता. औषधाचा येत होता. मी त्यांच्या जवळ बसायची, पण पूर्वीसारखी चिकटून नाही.

अक्का तेव्हा धाराशिवला नर्सिंगचा कोर्स करत होती. आमच्या भावकीत दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली मुलगी. पहिलं वर्ष संपत आलं होतं. ती रजा टाकून आली, सोबत पत्र्याची ट्रंक आणि तिच्यात घडी घातलेला पांढरा युनिफॉर्म. दुसऱ्या दिवशी पहाटे ती केस बांधून भट्टीत गेली आणि अण्णांचं उलथनं हातात घेतलं. कुणी तिला सांगितलं नव्हतं. आई फक्त म्हणाली, "जमंल का गं तुला?" अक्का म्हणाली, "न जमून कुणाला सांगू?"

पहिले आठ दिवस खवा करपत होता. मग जमायला लागला. तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. दुपारी भट्टीतून उठली की ती साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, नखांत काडी घालून साफ करायची, आणि अण्णांची जखम बांधायला बसायची. तेवढ्या वेळात ती वेगळीच दिसायची. पाठ ताठ, आवाज हलका. "अण्णा, लांब श्वास घ्या. आता सोडा. झालं." अण्णांना साखरेचा त्रास होता, चिरेचं खालचं टोक काही केल्या वाळत नव्हतं. ती रोज तिथं वाकून बघायची, वास घ्यायची, अण्णा दुधाच्या किटलीचा घ्यायचे तसा. गावातल्या बायका म्हणायच्या, बरंय बाई, घरातच नर्स हाय. ते ऐकून अक्का खूश व्हायची. तिच्या सगळ्या शिक्षणाला जन्मात मिळून तो एकच पेशंट मिळणार होता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

घरात चणचण म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात जिभेनं कळलं. खोलीभर दूध उकळत असायचं आणि आम्ही कोरा चहा प्यायचो. त्या दुधातला थेंबही घरात आणायचा नाही असं आईनं ठरवलं होतं. माझी खरवडसुद्धा गेली. अक्का ती आता स्वतः खरवडून डब्यात भरायची आणि स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला द्यायची. मी पहिल्या दिवशी सवयीनं शिंपला घेऊन आले, तर तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत कढईकडं बघितलं. मी शिंपला पाठीमागं लपवला आणि शाळेत गेले. एकदा आई अण्णांच्या गोळ्या सुपारीच्या अडकित्त्यानं अर्ध्या करताना सापडली. अर्धी आज, अर्धी उद्या. अक्का आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडली आणि मग दोघी चुलीपुढं एकमेकींना धरून रडल्या. अण्णा पलीकडच्या खोलीतून विचारत राहिले, काय झालं, काय झालं म्हणून. आई म्हणाली, "काय न्हाय, धूर गेला डोळ्यात." चूल पेटलेली नव्हती.

पण ह्या सगळ्याला एक मुदत होती, आणि त्या मुदतीवर आमचं घर उभं होतं. पंचमीपर्यंत. अक्काच्या कॉलेजातल्या बाईंनी कळवलं होतं, श्रावणात हजर झालीस तर वर्ष वाया जाणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, श्रावण लागेस्तोवर हाड जुळून येईल, मग बसून हलकंसं काम करायला हरकत नाही. आईचा एक मामेभाऊ पंचमीनंतर भट्टीवर हाताखाली यायला तयार झाला होता. घरात कुणालाही काहीही विचारलं तरी उत्तर एकच, पंचमीपर्यंत. अक्काच्या फोडांवर तेल लावताना आई तेच म्हणायची. ज्वारीच्या पिठाचा डबा खरवडतानाही तेच म्हणायची. मी झोपताना बोटांवर दिवस मोजायची.

नागपंचमीला आमच्याकडं विळीवर काही चिरत नाहीत, तवा नाही, कढई नाही. त्या दिवशी उकडलेले दिंड खायचे, वारुळाला लाह्या-दूध न्यायचं, आणि दिवसभर लिंबाच्या झोक्यावर. अण्णा एरवी फारसे देवभोळे नव्हते, पण ही एक गोष्ट त्यांनी कधी मोडली नाही. वर्षातून तो एकच दिवस आमची भट्टी थंड असायची. आदल्या दिवशी दुपारनंतर दूध घालणाऱ्या प्रत्येक घरी निरोप जायचा, उद्या भट्टी बंद, दूध विरजून ठेवा. हा निरोप घेऊन जायचं काम घरातल्या धाकट्या पोराचं. म्हणजे माझं. प्रत्येक घरी ओंजळभर लाह्या मिळायच्या. मी ओचा भरून परत यायची.

त्या वर्षी निरोपाला नेहमीपेक्षा जास्त अर्थ होता. फाट्यावर एक नवी भट्टी झाली होती, बॉयलरची, आणि तो माणूस रिक्षावर भोंगा लावून सांगत फिरला होता, की आमच्याकडं पंचमीलाही दूध घेतलं जाईल. त्यामुळं आपली भट्टी यंदा काय करणार हे लोकांना नीट कळायला हवं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी भट्टीच्या दारात गेले, तेव्हा अक्का घामानं निथळत होती. हात चालू होता. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दिवस मावळायच्या आत सगळ्यांकडं जाऊन ये. उद्या बंद म्हनावं." मी मान हलवली. तिनं ती बघितली की नाही, मला आजही माहीत नाही.

मी निघाले होते. खरंच निघाले होते. पहिलंच घर गोदाकाकूचं, आणि तिच्या अंगणात पोरी जमल्या होत्या. पाट्यावर मेंदी वाटली जात होती. तो हिरवा, गार, कडवट वास अंगणभर होता. काकू म्हणाली, ये गं, तुला आधी लावते. मला वाटलं, लावू आणि मग जाऊ. किती वेळ लागतो? काकूनं माझ्या दोन्ही तळव्यांत मेंदीचे गोळे ठेवले, मुठी मिटायला लावल्या आणि वरून एरंडाची पानं बांधून चिंध्यांनी गच्च आवळल्या. "सकाळपतुर सोडायचं न्हाय बरं. मधी सोडलं की रंग चढत न्हाय." मग मी दोन्ही मुठी पुढं धरून अंगणात बसून राहिले. कुणाच्या घरी जाऊ? कडी कशी वाजवू? लाह्या कशात घेऊ? आणि सगळ्यांना ठाऊकच असतं की, पंचमीला आपली भट्टी बंद असते म्हणून. मी हे स्वतःला इतक्या सफाईनं समजावलं, की दिवेलागणीला घरी गेले तेव्हा माझ्या मनात काही सलतही नव्हतं. अक्का तांब्यात निखारे भरून पांढऱ्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. परवा सकाळच्या एसटीनं ती जाणार होती. तिनं माझ्या बांधलेल्या मुठी बघितल्या आणि हसली. कितीतरी दिवसांनी. तिला स्वतःला मेंदी लावता येणार नव्हती, तळहात सोलवटले होते.

पंचमीच्या सकाळी मी पानं सोडली. माझी मेंदी इतकी रंगली होती, की आजवर तशी कधीच रंगली नाही. मी ती आईला दाखवायला धावले, आणि दारात किटल्यांचा खळखळाट ऐकला.

सगळे आले होते. एकही घर सुटलं नव्हतं. धुवट लुगडी नेसलेल्या बायका, आंघोळ करून आलेले गडी, आणि प्रत्येकाच्या हातात भरलेली किटली. निरोप आला नाही म्हणजे यंदा भट्टी चालू आहे, असं त्यांनी धरलं होतं. गोदाकाकूनं मला पानं बांधली होती, पण तिलाही मी निरोप सांगितला नव्हता. ती पुढं होऊन आईला म्हणाली, "वैनी, फाट्यावरचा मानूस घ्यायला दारापतुर आलता. पर आमी म्हनलं, अण्णा पडून हाईत, अशा येळंला दुसरीकडं कसं जावं? सनाचा दिस असला तरी चालतंय आमाला." लोक आमच्या अडचणीत आमच्यासाठी सण मोडून आले होते. आई एकदा त्यांच्याकडं आणि एकदा आतल्या खोलीकडं बघत राहिली. एवढं दूध परत पाठवायचं तर त्यांच्या मायेचा अपमान, आणि उद्या ते सगळं फाट्यावर जाणार हेही खरं.

अक्कानं पदर खोचला. कपाळाला कुंकू तिनं अजून लावलं नव्हतं. ती भट्टीत गेली आणि तुराट्या पेटवल्या.

धूर घरभर झाला, तेव्हा अण्णा उठून आले. भिंत धरून, एकेक पाऊल टाकत, उघड्या अंगावर उपरणं घेऊन. चार महिन्यांत ते पहिल्यांदाच भट्टीच्या दारात उभे होते. ते ओरडले नाहीत. कढईकडं बघून इतकंच म्हणाले, "पंचमीला?" अक्काचा हात चालू होता, थांबवता येत नव्हता. ती म्हणाली, "अण्णा, तुमी आत जावा. धूर लागंल." अण्णांना ते ऐकूच गेलं नसावं. दाराशी भरलेली मोठी किटली होती. ती परत द्यायची होती की बाजूला ठेवायची होती, की आयुष्यभराच्या सवयीनं हात तिकडं गेला, कोण जाणे. त्यांनी ती उचलली. दोन पावलं चालले. मग फार हळू, जपून, किटली खाली ठेवली, एक थेंबही न सांडता, आणि तिच्याशेजारी खाली बसले. उपरणं छातीपाशी ओलं होत गेलं. मला आधी वाटलं, दूध सांडलं.

लोकांनी जीप आणली. अण्णांना घालून नेताना आईनं रडत रडत विचारलं, "निरोप दिला नव्हता का गं कुणी?" मी तुळशीकट्ट्याशी उभी होते. दोन्ही हात पाठीमागं. अक्कानं माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं, निदान मला तसं वाटलं. मग ती आईला म्हणाली, "म्याच हिला सांगायचं इसरले. कामात राह्यलं." आणि जीपमध्ये चढली. मी हात पाठीमागंच ठेवून उभी राहिले.

छाती पुन्हा उघडावी लागली. दिवाळी दवाखान्यात गेली. त्या सगळ्या काळातलं मला सलग काही आठवत नाही. जिन्याखाली स्टोव्हवर भात करणारी आई आठवते. कुणीतरी आणून दिलेल्या चकल्या आठवतात, त्या मऊ पडल्या होत्या तरी आम्ही पुरवून पुरवून खाल्ल्या. मेंदीचा रंग माझ्या नखांवर कितीतरी दिवस राहिला. नख वाढत वाढत तो वर सरकत गेला आणि शेवटी मी कात्रीनं कापून टाकला.

अण्णा मात्र वाचले. चांगली वीस-बावीस वर्षं जगले, माझं लग्न बघितलं, नातवंडं खेळवली. उलथनं त्यांनी पुन्हा कधी धरलं नाही. ते अक्काच्या हातात राहिलं ते राहिलंच. तिच्या खव्यावर मी डी.एड. केलं. तिचं लग्न आज बघू, उद्या बघू करत राहून गेलं. ट्रंकेतल्या युनिफॉर्मची तिनं पुढं फडकी केली, डबे पुसायला.

आणि मी? मी मनातल्या मनात एक गोष्ट सांभाळून ठेवली होती. अक्कानं त्या दिवशी माझा गुन्हा स्वतःवर घेतला, असं मी धरून चालले होते. तिला सगळं ठाऊक आहे आणि तिनं मला माफ केलं आहे. दर भाऊबीजेला भाऊ नाही म्हणून आम्ही एकमेकींना ओवाळायचो, तेव्हा मी तिच्या जरा जास्तच पाया पडायची, आणि समजायची की आमचं दोघींचं हे न बोलता ठरलेलं आहे. वर्गात मी पोरांना शिकवते, चूक झाली तर हात वर करून सांगावं. पोरं सांगतातही. मला त्यांचं आश्चर्य वाटतं.

परवा भट्टीतून उठून मी मागच्या दारी गेले. अक्का अजून पातेली घासत होती. तिचे डोळे आता धुरानं कायमचे लाल असतात. मी फडकं घेऊन पातेली पुसायला बसले. अण्णांचा विषय निघणारच होता, निघाला. ती म्हणाली, "एक हाय बघ अण्णांचं. शेवटपतुर मला बोल लावला न्हाय त्यांनी."

"कशाचा?"

"पंचमीचा. निरोप राह्यला त्याचा."

मी हसले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आता हे उघड बोलायला हरकत नाही. "तू तर माझ्यासाठी खोटं बोलली होतीस ना तेव्हा."

अक्काचा हात थांबला. "खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "लई आठवून बघितलं म्या. त्या दिशी आन् मागनंबी. पहाटं चारला उठलेली, दिसभर कढईपुढं. तुला सांगितलं का न्हाय, आठवंचना. आईनं इच्यारलं तवा तुझ्याकडं बघितलं. तू काय बोलली न्हाईस. मंग म्हनलं, न्हाय सांगितलं आपन. सांगितलं असतं तर पोरगी बोलली असती की."

नळाचं पाणी वाहत होतं. मी विचारलं, आणि विचारताना मला उत्तर नको होतं, "म्हणून गेली नाहीस कॉलेजला?"

"बाईंनी दोनदा बोलावणं धाडलं. आई म्हनत व्हती, जा, म्या बघते भट्टी, मामा हाय. पर कुठल्या तोंडानं जाऊ गं? बापाची छाती माझ्या इसरण्यानं उसवली. आन् मी लोकांच्या जखमा बांधायला जाऊ?"

मी तिला सांगितलं. सगळं. ती कढईपुढून न बघता काय म्हणाली होती, मी मान कशी हलवली होती, पाट्यावरची मेंदी, एरंडाची पानं. "तू विसरली नव्हतीस अक्का. तू सांगितलं होतंस. मीच गेले नाही." बोलताना माझा आवाज अकरा वर्षांच्या पोरीसारखा झाला होता आणि मला त्याची लाज वाटत होती. अक्का ऐकत होती, हात राखेनं भरलेले, गुडघ्यांवर टेकलेले. तिच्या चेहऱ्यावर मला काहीच दिसेना. राग दिसला असता तर मी तो धरून बसले असते.

"तवा ल्हान व्हतीस तू," ती शेवटी म्हणाली. मला रडू फुटलं. वाटलं, सुटले. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. मग तितक्याच हळू म्हणाली, "पर मागनं तर मोठी झालीस की."

तिनं उठून नळ बंद केला, पातेली एकात एक घातली आणि कमरेवर घेतली. मी मदतीला उठले, तर म्हणाली, "राहू दे. म्या नेते."